वाघोलीत उणे तीस

पट्टा घसरतोय एवढं कळलं की निम्मं काम झालं, असं मी रोज कॅनडातल्या लोकांना कळवतो. बर्फावर पळणाऱ्या त्यांच्या गाड्या बिघडल्या की ते ईमेल करतात आणि खराडीच्या ऑफिसात बसून मी उत्तर देतो. क्लच, पट्टा, पुली, सगळं तोंडपाठ. त्यामुळे शेफालीच्या वडिलांकडे तिला मागणी घालायला जाताना मला कसलीच भीती नव्हती. क्लचसारखी अवघड गोष्ट ज्याला कळते त्याला सासरा काय जड!

शेफाली माझ्याच ऑफिसातली. तिचे वडील आप्पासाहेब वाघोलीचे जुने शेतकरी. माझे आई-बाबा वर्ध्याहून नंतर येणार होते. मी एकटाच मे महिन्याच्या उन्हात जाऊन पोहोचलो. पोहे आले.

"काम काय करता?" आप्पासाहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. थोडं फुगवूनच सांगितलं. कॅनडा, उणे तीस तापमान, तिथले गोरे कसे माझ्या शब्दाबाहेर नाहीत वगैरे.

आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली. "म्हंजे उद्या पोरीला घिऊन तिकडं बर्फात जाणार."

"कंपनीने पाठवलं तर जाऊ की," मी ऐटीत म्हणालो.

शेफालीने डोळे मोठे केले. मला वाटलं, कौतुकाने.

"एवढी माहिती हाय तर आमची स्कूटर बघा," आप्पासाहेब म्हणाले. "चढाला नुसती वरडती. हलत न्हाय."

बिनगिअरची जुनी स्कूटर. झाकण उघडलं आणि आत माझ्या ओळखीचेच लोक बसलेले: दोन पुल्या आणि मधे पट्टा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना प्रत्यक्ष भेटत होतो. पट्ट्यावर ऑइल चढलं होतं. तुळजाबाईंकडून, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंकडून, भांड्याचा साबण मागून घेतला. पट्टा धुतला, वाळवला, पुल्या पुसल्या, पट्ट्यावरचा दिशेचा बाण पुढे करून तो बसवला. इथपर्यंत माझं एक अक्षर चुकलं नाही, हे कृपया लक्षात घ्यावं.

मग ऑफिसातली पुढची पायरी आठवली: थंडीत इंजिन बंद पडू नये म्हणून गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग वाढवावा. मी त्या वेगाचा स्क्रू पिळला. भरपूर पिळला. वाघोलीत त्या दिवशी चाळीस अंश होते, पण पायरी ती पायरी.

स्कूटरची चावी कधीच हरवलेली. आप्पासाहेबांनी दोन वायरी जोडल्या, सुरू केली, स्टँडवरून काढली आणि मूठ न पिळताच ती त्यांना घेऊन निघाली. अंगणाला एक फेरी झाली.

"पळती की," ते खूश होऊन म्हणाले.

दुसऱ्या फेरीला म्हणाले, "थांबवायची कशी?"

"ब्रेक दाबा!"

"ब्रेक कुठाय? पळतच नव्हती, तर ब्रेक कशाला दुरुस्त करू?"

मी शेजारून धावत होतो. ऑफिसात अशा वेळी एकच उत्तर असतं आणि तेच माझ्या तोंडून गेलं. "लाल दोरी ओढा!" बर्फावरच्या गाडीला तशी दोरी असते, चालकाच्या अंगाला बांधलेली. ती ओढली की इंजिन बंद.

आप्पासाहेबांना समोर एकच लाल दोरी दिसली. त्यांनी ती ओढली. तुळजाबाईंची वाळत घातलेली तीन लुगडी त्यांच्या डोक्यावर आली आणि वरात तशीच फाटकाबाहेर, शेजारच्या बिल्डरने टाकलेल्या वाळूच्या ढिगात शिरली.

स्कूटर एकदाची थांबली. संपलं, मला वाटलं. आता शेफालीचं लग्न दुसऱ्या कुणाशी तरी होणार आणि मला ऑफिसात पेढे खावे लागणार. खरंच रडू यायला लागलं.

आप्पासाहेबांनी लुगडं बाजूला करून वाळू थुंकली.

"खरं सांगा. ती बर्फावरची गाडी कधी बघितली का?"

"फोटोत."

"आन बर्फ?"

"रसवंतीत."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "ए, साखर आण. ठरलं."

"अहो, गुडघा फुटलाय तुमचा," तुळजाबाई म्हणाल्या.

"फुटू दे. पोरगी हितंच ऱ्हाती. ह्याला कुठली कंपनी परदेशात धाडतीय?"

शेफाली हसत होती. मी मात्र भयंकर दुखावलो होतो. पण भांडायची ती वेळ नव्हती. वाळूतच वाकून सासऱ्यांच्या पाया पडलो.