मामाच्या ओळखीवर चालणारी बँक

आमच्या कर्जत शाखेत खातं उघडायला सही येत नसली तरी चाले, अंगठा चाले. मामा मात्र लागे. एजंटसाहेबांच्या टेबलासमोर माणूस येऊन उभा राहिला की साहेब चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "मामा कोन तुजा?"

त्या काळी शाखेच्या मुख्याला एजंट म्हणत. आमचे एजंट म्हणजे दाजी हडप. खालापुराकडचे, मॅट्रिक झालेले, आधी बरीच वर्षं एका भातगिरणीत दिवाणजी होते. धोतर, काळा कोट आणि पायांत कर्जतच्याच चांभाराने केलेल्या, चालताना कुरकुरणाऱ्या वहाणा. मी पुण्याहून नवा कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा त्यांनी मलाही सोडलं नाही. मी मामांचं नाव सांगितलं. दाजींनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "वळख नाय लागत. पन बस. पुन्याचा मानूस हायेस, चालायचंच." पुण्याला जन्मल्याबद्दल मला तिथे अशी रोज माफी मिळत असे.

मामाच का, बाप का नाही, असं मी एकदा विचारलं. दाजी म्हणाले, "बापाचं नाव कोनीबी चांगलंच सांगतो रं. मामाकडं गेलं की खरं कळतं. बहीन देताना त्यांनी घर नीट बघितलेलं असतंय."

दाजींच्या आधी आमच्या शाखेत एक गिरगावचे गृहस्थ एजंट होते. मी त्यांना पाहिलं नाही, पण शिपाई रामभाऊ त्यांच्या गोष्टी चवीने सांगे. टाय लावून बसत, स्वच्छ शुद्ध बोलत. बँक नवीन, म्हणून ते बाजारात स्वतः ओळख करून द्यायला निघाले. पहिल्याच दुकानदाराला म्हणाले, "मी बँकर आहे." आता कर्जतला बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं इंजिन. दुकानदाराने त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि इतकंच म्हणाला, "अंगानं वाटत नाय."

एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "आपला व्यवसाय काय?"

"यवसन कायबी नाय, साएब. तंबाकू तेवडी खातो."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं म्हणतात. रामभाऊ थोडं तिखटमीठ लावत असेल. पण एका रुबाबदार माणसाने त्यांना हिरवंगार भाताचं शेत दाखवून कर्ज उचललं, आणि ते शेत त्याच्या सासऱ्याचं निघालं, हे मात्र खरं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. साहेबांना कोणी सांगितलं नाही, कारण साहेबांनी कोणाला विचारलं नाही. त्यानंतर मुंबईच्या हेड ऑफिसने ठरवलं की इथे इथलाच माणूस हवा. आणि दाजी आले.

पण इथला माणूस म्हणजे नेमकं काय, ते मला कळलं बँकेची पाटी उतरवली त्या दिवशी.

लढाई चालू होती. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून तिकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन आमच्याकडे येत होती, आणि प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर एक नवी बातमी येत होती. अशा दिवसांत दाजींना बँकेची पाटी रंगवून घ्यायची हुक्की आली. रंगारी सकाळी पाटी काढून घेऊन गेला. कोणीतरी नुसती भिंत पाहिली. दुपारपर्यंत बातमी गावोगाव पोचली की बँक बुडाली, पाटीसकट पळाली.

बघता बघता दारात ही गर्दी. बायका, म्हातारे, काखेत पोरं. सगळ्यांना आपले पैसे आत्ताच्या आत्ता हवे होते. आमच्या तिजोरीत तेवढी रोकड एका वेळी असणंच शक्य नव्हतं. मुंबईहून मागवायची तर दुसरा दिवस उजाडला असता. मी दार लोटून घ्यायला निघालो. दाजी म्हणाले, "दार लावलंस तर बँक खरीच बुडल. ती खुर्ची भायेर काढ."

ओटीवर खुर्ची टाकून ते बसले. रामभाऊला पाण्याचा हंडा आणि पेला आणून ठेवायला सांगितला. मग म्हणाले, "देतो, समद्यांना देतो. एकेक या. फकस्त मला सांगायचं, घरी नेऊन ठेवनार कुठं?"

पहिला पुढे आला तो धोंडू. म्हणाला, "पेटीत."

"पेटीची चावी कुनाकडं?"

"बायकोकडं."

"आनि तिचा भाऊ अजून हाय ना तुज्याकडं मुक्कामाला?"

रांगेत मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. धोंडूने डोकं खाजवलं, शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं, आणि जरा विचार करतो म्हणून बाजूला जाऊन बसला.

मग बायजा म्हातारी आली. ती पैसे मडक्यात ठेवणार होती.

"मागल्या साली मडक्यात ठेवल्यालं, तवा काय झालं गं, बायजे?"

"उंदरांनी कुरतडलं."

"उंदीर गेलं का?"

"नाय. वाढलं."

आता सगळी रांग हसायला लागली. बायजाही हसली. पुढचा माणूस मात्र हसला नाही. हात जोडून म्हणाला, "दाजी, मला द्याच. पोरीचं लगीन हाय." दाजी उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, "ह्याला पैला. आनि कोऱ्या नोटा काढ." त्याला पैसे हातात पडताना सगळ्यांनी पाहिलं. पैसे आहेत एवढं कळल्यावर निम्मी भीती गेली.

एक तरुण मात्र हटेना. तो म्हणाला, "आमचं ऱ्हाऊ द्या, दाजी. तुमचे सोताचे पैसे कुठं हायेत?"

"ह्याच तिजोरीत."

"आनि बँक बुडाली तर?"

"तर मी जानार कुठं रं? गिरगावात माजं घर नाय. मला ह्याच वाटंनं रोज यायचंय. धर आनि मार."

त्या तरुणाने हंड्यातून पेला भरून घेतला. मग पाणी प्याला आणि गेला. दिवस कलायला लागला आणि रंगारी ओली पाटी डोक्यावर घेऊन आला, तेव्हा ओटीवर फक्त धोंडू उरला होता, अजून विचार करत.

हेच प्रश्न मी विचारले असते तर मार खाल्ला असता. दाजींना लोकांची घरं माहीत होती म्हणून काम झालं असं मला वाटलं. पुढे कळलं की ते अर्धंच होतं.

ही हकिगत मुंबईला पोचली. हेड ऑफिस फार खूश झालं आणि खूश झालेलं कुठलंही हेड ऑफिस जे करतं तेच त्याने केलं. इथल्या माणसाला बढती देऊन दूर पाठवायचं ठरवलं. खानदेशात मोठी शाखा, दीडपट पगार, राहायला बंगला. सांगायला स्वतः इन्स्पेक्टरसाहेब आले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या मामांची चौकशी केली आणि म्हणाले, "नको."

इन्स्पेक्टरसाहेबांनी परोपरीने समजावलं. पुन्हा अशी संधी येणार नाही म्हणाले. दाजींचं आपलं एकच, घरची अडचण आहे.

"अडचणी सगळ्यांनाच असतात, हडप."

"व्हय. पन ही हितंच भागते."

मला दाजींचा राग आला. वाटलं, डबक्यातून बाहेर पडायची छाती नाही या माणसाला.

तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. गाडीवान पळसदरीकडचा एक म्हातारा शेतकरी होता. गाडीत पेंढ्यावर घोंगडी अंथरलेली आणि तिच्यावर एक बाई बसलेली. केस नीट विंचरलेले, हातात नव्या हिरव्या बांगड्या. दाजी बोलणं अर्धं टाकून उठले. मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. दहिवलीला राहतात आणि त्यांच्या पत्नी, काकू, फारशा कुणात मिसळत नाहीत, एवढंच ऐकून होतो.

दाजी गाडीपाशी गेले, त्यांच्यामागे आम्हीही. "आज कुठं गेली व्हतीस गं?"

"माहेरी," काकू म्हणाल्या. "बांगड्या भरल्या आईनं."

त्यांनी हात पुढे केला. दाजींनी बांगड्या निरखून पाहिल्या आणि चांगल्या आहेत म्हणाले. मग त्यांना हाताला धरून उतरवलं आणि ओटीवर पाणी द्यायला नेलं.

इन्स्पेक्टरसाहेब माझ्याकडे पाहत होते. मलाच काही कळत नव्हतं. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "म्हायेर रोह्याकडं व्हतं त्यांचं. आता तितं कोनी नाय. एकुलतं पोर तापानं गेलं, तवापास्नं अशा मदीच निगतात चालत. ज्या गावाला पोचतील तितली मान्सं आत घेतात. आज आमच्याकडं आल्या. म्हातारीनं जेवू घातलं, बांगड्या भरल्या."

दाजी परत आले. साहेबांना त्यांनी हात जोडले. "साहेब, हितं ती कुठल्याबी वाटंला लागली तरी दिवस मावळायच्या आत कोनतरी आनून सोडतं. तिकडं तिला कोन वळखनार?"

इन्स्पेक्टरसाहेबांनी आत जाऊन टेबलावरचा बढतीचा कागद उचलून बॅगेत ठेवला. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

म्हातारा गाडी वळवत होता. वळवता वळवता थांबला आणि म्हणाला, "दाजी, दिवाळीला पोरीला धाडा आमच्याकडं. चार दिस ऱ्हाऊ द्या."

दाजी वयाने त्या म्हाताऱ्याच्या फार मागे नसतील. पण सासऱ्यापुढे जावयाने उभं राहावं तसे ते उभे राहिले, आणि मान खाली घालून म्हणाले, "धाडतो."