आडवं पडायचं काम

हेडक्लार्कांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतःच्या डोक्याने घेतले होते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक त्यांच्या अंगाशी आला होता. तरीही त्यांनी आणखी एक घेतला.

निमित्त झालं इमारतीतल्या आगीच्या कवायतीचं. खरी आग लागली तर कुणी काय करायचं, याची रंगीत तालीम. अग्निशमन दलाचे अधिकारी येणार होते, त्यांचा बंब येणार होता, रुग्णवाहिका येणार होती. आणि इमारतीच्या बाजूने या सगळ्याची सूत्रं ज्यांच्या हातात होती, त्या हेडक्लार्कांच्या पत्नी होत्या. शाळेत त्या व्यायाम शिकवत. अख्खी इमारत त्यांना पीटीबाई म्हणे. हेडक्लार्कही म्हणत (मनात).

पीटीबाईंना बसलेला माणूस बघवत नसे, आणि हेडक्लार्कांचा तर पेशाच बसण्याचा. त्यामुळे गेल्या वर्षभरात त्यांच्याकडून दोरीवरच्या उड्या मारून घेऊन झाल्या होत्या (खालच्या मजल्यावरून तक्रार आली), जिने चढून-उतरून झाले होते (वरच्या मजल्यावरून तक्रार आली, कारण ते धापा टाकत लोकांच्या दारातच बसून राहत), आणि सध्या कोपरांवर अंग तोलून फळीसारखं ताठ राहण्याचा प्रकार चालू होता. त्यात ते ताठ कधी राहिले नाहीत. फळीसारखे पडले मात्र रोज.

त्यात भर सासऱ्यांची. फौजेत नव्या भरतीला कवायत शिकवून निवृत्त झालेले सुभेदार. कानाने कमी ऐकू येई, पण आवाज अजून मैदानाएवढाच होता. जावई फळीसारखा पडला की ते खुर्चीतून नुसते "हं" म्हणत. त्या एका "हं"मध्ये इतका अपमान असे, की तेवढ्या अपमानात एखाद्याने शिव्यांची पूर्ण यादी म्हणून दाखवली असती.

तर त्या दिवशी जेवताना पीटीबाई म्हणाल्या, "अहो, रविवारची कामं वाटतेय. तुम्हाला काय देऊ? वाळूच्या बादल्या घेऊन पळणार, की चौथ्या मजल्यावरच्या आजींना पाठुंगळी घेऊन उतरवणार?"

हेडक्लार्कांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "तिसरं काही नाही?"

"जखमी आहे एक. पण त्याला काही करायचंच नसतं. जिन्यात आडवं पडायचं. बाकीचे उचलून नेतात."

"मी जखमी," हेडक्लार्क म्हणाले. इतक्या तत्परतेने ते लग्नाला सुद्धा हो म्हणाले नव्हते.

पीटीबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "ठीक आहे. पण नुसतं पडून भागायचं नाही. तुमच्या डोक्याला मार लागलाय. तुम्ही असंबद्ध बडबडता. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"मग बडबडा बरं."

हेडक्लार्कांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "अं... उद्या मंगळवार आहे."

"याला बडबड म्हणतात? हात हलवा, डोळे फिरवा! ऑफिसात फोन आला की काय बोलता?"

"तेच बोलू?"

"तेच बोला. कुणालाही काही कळणार नाही."

सुभेदार ताटातून मान वर न करता म्हणाले, "जखमी! आमच्या वेळी आम्ही जखमी झालो तरी उभे असायचो. हं."

रविवार उजाडला. पीटीबाई पहाटेच शिट्टी आणि कर्णा घेऊन खाली गेल्या. जाताना हेडक्लार्कांच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवून गेल्या. "डोक्याला मार. असंबद्ध बडबड. भान नाही." आणि एक काम सांगून गेल्या, की शेवटी पाहुण्यांसमोर बोलायचं आहे, तेव्हा माझ्या निळ्या ट्रॅकसूटला इस्त्री करून ठेवा. हा ट्रॅकसूट त्यांना एका मोठ्या स्पर्धेत पंच म्हणून मिळाला होता. घरातल्या वस्तूंमध्ये त्याचा मान पहिला. सुभेदारांचा दुसरा. बाकीची क्रमवारी सांगण्यात अर्थ नाही.

हेडक्लार्कांनी टेबलावर चादर पसरली, इस्त्री तापवली, जाकिटाची एक बाही झाली, दुसरी झाली, पाठीवरून इस्त्री फिरायला लागली. सुभेदार आतल्या खोलीत झोपले होते. "ही कवायत नव्हे, पोरखेळ आहे," असं जाहीर करून, कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवून झोपले होते. भोंगा व्हायला अजून भरपूर अवकाश होता.

आणि भोंगा झाला.

(ठरलेल्या वेळेआधी का वाजवला, असं नंतर कुणीतरी अधिकाऱ्यांना विचारलं. "आग काय घड्याळ बघून लागते?" असं ते म्हणाले. बरोबरच आहे. पण कवायत तरी बघून लागायला हरकत नव्हती.)

भोंग्यापाठोपाठ जिन्यातून पीटीबाईंची शिट्टी ऐकू आली. त्या शिट्टीचा हेडक्लार्कांवर संसारात जो परिणाम होत आला होता, तोच झाला. हातातलं होतं तिथे टाकून ते पळाले. दार ओढून घेतलं, लॅच खट्‌कन बसलं, आणि ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर नेमून दिलेल्या जागी जाऊन उताणे पडले.

वर्षभरात इतकं सुख त्यांना मिळालं नव्हतं. फरशी गार होती. शेजारून माणसं बादल्या घेऊन धावत होती, कुणीतरी आजींना पाठुंगळी घेऊन कण्हत होतं, आणि त्यांना मात्र कुणी उठा म्हणत नव्हतं. उलट एक बाई जाता जाता म्हणाली, "छान पडलाय हो." हेडक्लार्कांनी डोळे मिटले. व्यायाम असावा तर असा, असं त्यांच्या मनात आलं.

आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली. हातातलं होतं तिथे टाकलं, म्हणजे नेमकं काय टाकलं?

"इस्त्री!" ते किंचाळून उठून बसले.

कर्र्कन शिट्टी वाजली. खालच्या पायरीवर अग्निशमन अधिकारी उभे होते. "जखमी उठला कसा? आडवे व्हा!"

"अहो, घरात इस्त्री चालू आहे! सासरे आत आहेत! दार बंद आहे!"

अधिकाऱ्यांनी वाकून पाटी वाचली. चेहऱ्यावर समाधान पसरलं. "वा. स्ट्रेचर!"

स्ट्रेचर घेऊन दोघे आले. पायाकडे तळमजल्यावरचा जिमवाला, डोक्याकडे पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. हेडक्लार्कांनी उठायची धडपड केली, तेव्हा जिमवाल्याने त्यांना एका हाताने झोपवलं आणि छातीवरून, पोटावरून, गुडघ्यांवरून पट्टे आवळले.

"अरे सोड मला! खरंच सांगतोय! सुभेदार जळतील!"

"काय भूमिका करतात!" जिमवाला म्हणाला. "काका, तुम्ही नाटकात होतात का?"

"डॉक्टर, तुम्ही तरी ऐका! तुम्ही शिकलेले आहात!"

डॉक्टर खरंच वाकले. हेडक्लार्कांच्या उघड्या तोंडात त्यांनी आस्थेने पाहिलं. "ऐकतोय. ती खालची उजवी दाढ मात्र एकदा दाखवून जा. किडलीये."

वरात निघाली. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून ते उभं केलं, मग आडवं केलं, मग हेडक्लार्कांचं डोकं खाली आणि पाय वर असं काही अंतर नेलं. त्या अवस्थेत त्यांना उलट्या पीटीबाई दिसल्या.

"अगं ए! तुझा ट्रॅकसूट जळतोय!"

पीटीबाईंच्या कपाळाला आठी पडली. कर्णा बाजूला करून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा कमी करा. अति होतंय. आणि माझ्या ट्रॅकसूटवरून विनोद नकोत."

"विनोद नाही! इस्त्री तशीच आहे त्याच्यावर! आणि बाबा आत कोंडलेत!"

"बाबा तुमच्या आधी खाली आलेत. ते कवायत चुकवतील?" असं म्हणून त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "जखमीला घाई करा! भान पूर्ण गेलंय!"

हेडक्लार्कांनी संतापाने पट्ट्यांना हिसका दिला. बारा वर्षं संसार केला, आणि या बाईला आपलं खरं आणि खोटं यातला फरक कळत नाही! (मागाहून त्यांच्या लक्षात आलं की बारा वर्षांत आपण जे बोललो, ते बहुधा तिने याच कानाने ऐकलं असणार.)

खाली मोकळ्या जागेत त्यांना रुग्णवाहिकेजवळ नेऊन ठेवलं. पट्टे तसेच. पडल्या पडल्या त्यांना इमारतीच्या सगळ्या खिडक्या दिसत होत्या, आणि त्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, त्यांच्याच घराच्या खिडकीतून धूर यायला लागला होता. बारीक, निळसर. मग जाड.

"धूर!" ते ओरडले.

सगळ्यांनी वर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. चौथ्या मजल्यावरच्या आजी सुद्धा, ज्यांना नुकतंच खाली ठेवलं होतं, म्हणाल्या, "किती मेहनत घेतलीये बाई."

अधिकारी पीटीबाईंजवळ आले. "मानलं तुम्हाला. इतक्या इमारती पाहिल्या, पण धुराची सोय कुणी केली नव्हती."

पीटीबाई लाजल्या. "छे हो, माझं कसलं? धूर तर तुमच्याकडून असणार ना?"

"आमच्याकडून? आमच्याकडे फक्त पाणी असतं."

दोघं हसले. मग हसू हळूहळू विरलं. दोघांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, आणि मग माना वळवून, अगदी एकाच वेळी, स्ट्रेचरकडे पाहिलं.

"मी काय बोंबलत होतो मघापासून?" हेडक्लार्क म्हणाले.

पुढे जे झालं त्याला कवायत म्हणता येणार नाही. ज्यांनी इतका वेळ रांगेने, धक्काबुक्की न करता जिने उतरून दाखवले होते, तीच माणसं "आग! आग!" करत एकमेकांच्या अंगावर आदळायला लागली. वाळूच्या बादल्या वापरून संपल्या होत्या. बंबाच्या पुढ्यात जिमवाल्याने आपली मोटारसायकल लावली होती, आणि तिची किल्ली जिममध्ये होती, आणि जिमची किल्ली त्याला आठवेना.

"घराची किल्ली कुठेय?" पीटीबाई स्ट्रेचरवर वाकून ओरडल्या.

"पायजम्याच्या खिशात!"

"कुठल्या?"

"पट्ट्याखालच्या!"

पट्टा सुटेना. जिमवाल्याने तो अंगातल्या सगळ्या ताकदीने आवळला होता आणि आता सोडवायला ती ताकद उरली नव्हती. डॉक्टरांनी दातांनी ओढून पाहिला. पीटीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा... बाबांना ऐकू येत नाही हो," त्या एवढंच म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता. हेडक्लार्कांना वाटलं, पट्टे सुटले असते तर आपण आत्ता तीनच काय, सहा मजले पळत चढलो असतो. (इमारतीला चारच होते, पण भावना खरी होती.)

इतक्यात वरून आरोळी आली.

"साऽऽवधान!"

सगळे जिथल्या तिथे थिजले. आजी सुद्धा ताठ झाल्या. गॅलरीत बनियन आणि अर्ध्या चड्डीत सुभेदार उभे होते. वासाने त्यांना जाग आली होती. त्यांनी भिंतीतून इस्त्रीची वायर उपटली होती, पेटलेल्या चादरीवर बादली ओतली होती, खिडक्या उघडल्या होत्या, आणि आता उरलेल्या गर्दीची व्यवस्था लावत होते.

"ही काय रांग आहे? त्या टोकापासून पुन्हा उभे राहा! आणि जिन्यात कुणी धावायचं नाही!"

मग ते आरामात खाली आले. लॅच आतून हाताने उघडतं, हे इतक्या गोंधळात एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. सुभेदारांच्या हातात इस्त्री होती, आणि तिला निळं जाकीट घट्ट चिकटलेलं होतं. पीटीबाईंनी आधी वडिलांना मिठी मारली. मग जाकीट ओढून सोडवलं. पाठीवर इस्त्रीच्या आकाराची खिडकी पडली होती, आणि तिच्यातून पलीकडचा बंब स्पष्ट दिसत होता.

हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. ही वेळ पडून राहण्याचीच होती.

पण तेवढीही शांतता त्यांच्या नशिबी नव्हती. स्ट्रेचर उचललं गेलं, सरकलं, आणि दारं धाड्‌कन लागली. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला फक्त एवढंच सांगून ठेवलं होतं, की जखमी आला की वेळ न घालवता इस्पितळात पोचवायचा. तो इतका वेळ गाडीत बसून पेपर वाचत होता.

"अरे, कवायत संपली! थांबव!"

ड्रायव्हरने आरशातून पाटीकडे पाहिलं आणि सायरन लावला.

इस्पितळात परिचारिकेने पट्टे सोडले, डोक्यावर हात फिरवून पाहिला, टेंगूळ नाही म्हणाली, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या पत्नीला फोन लावला. पलीकडे भलताच गलका चालला होता. "तुमचे यजमान इथे आलेत. आपण ठणठणीत आहोत म्हणतात," परिचारिका म्हणाली. पीटीबाईंनी काय उत्तर दिलं ते हेडक्लार्कांना ऐकू आलं नाही. पण फोन ठेवून परिचारिका म्हणाली, "पाहुण्यांसमोर बोलायचंय म्हणून त्या घाईत आहेत. तुम्ही या म्हणाल्या हळूहळू."

पायजम्याच्या खिशात घराची किल्ली सोडून काही नव्हतं. पायात चपला नव्हत्या. हेडक्लार्क चालत निघाले. रस्त्यात लोक पाटी वाचून वाट सोडत होते, एवढीच काय ती सोय. मग त्यांनी ती काढून काखोटीला मारली.

इमारतीच्या फाटकाशी पोचले तेव्हा आतून कर्ण्यावर पीटीबाईंचा खणखणीत आवाज येत होता. "...खरोखरच्या आगीत, इमारतीतला एकूण एक माणूस आपण सुखरूप बाहेर काढला. साहेबांनी स्वतः मोजणी केली. एकही माणूस कमी नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या सुभेदारांच्या होत्या, त्या लांबूनही ओळखू येत.

हेडक्लार्क आत शिरणार, तोच रखवालदाराने काठी आडवी धरली.

"अरे, मी आहे. ओळखलं नाहीस का?"

"ओळखलं ना साहेब," रखवालदार अजिजीने म्हणाला, "पण जरा पाहुणे जाईपर्यंत इथेच थांबा. आत्ताच आकडा जुळलाय. तुम्ही आत गेलात तर एक माणूस जास्त होईल."