सुमतीबाईंचा तपास

हवालदार वाचनालयातलं पुस्तक घेताना आधी त्याचा वास घेत.

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयाचं काम कचेरी सुटल्यावर संध्याकाळी मी बघत असे. पगार नव्हता, 'सेक्रेटरी' एवढा किताब होता. मी पुस्तक पुढं केलं की हवालदार ते नाकाशी धरत, डोळे मिटत आणि निकाल देत, "आजारी मानसाच्या घरात हुतं. बामाचा वास मारतुया." मग उजेडात धरून शिवण तपासत, शेवटची पानं जागेवर आहेत का ते बघत. "हितं तेलाचा डाग हाय, सेक्रेटरी. भज्याचा. कुनी नेलं हुतं?" मी भजी खाल्लेली नसत. तरी माझा हात आपोआप पँटला पुसला जाई.

हा दोष हवालदारांचा नव्हे, माझा. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की कानशिलं माझी तापत. आता चाळिशी उलटली तरी रस्त्यात पोलीस दिसला की मी चूक आठवू लागतो. हवालदार संशय घ्यायला जन्माला आले होते आणि मी संशयित व्हायला. त्यामुळे आमचं जमलं.

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची हकीगत. हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आले होते. नाव गणपतराव, पण ते कुणी वापरत नसे. सगळी नोकरी रेशनच्या कोठारावर गेलेली. डाळीत खडे कुणी मिसळले, तेलाचा डबा हलका कसा भरला, हेच आयुष्यभर बघितल्यामुळे जगाकडंही ते त्याच नजरेनं बघत. गवळ्याचं दूध बोटावर घेऊन नखावर ठेवत. हॉटेलात चहा आला की स्वतःचा कप शेजाऱ्यापुढं सरकवून त्याचा आपण घेत. कशावरही त्यांचे दोनच शेरे. पहिला, "हितं गोम हाय." आणि समोरचा काही सांगू लागला की दुसरा, "पुरावा हाय का?"

अशा माणसाला रहस्यकथा आवडणारच. त्या काळी डॉक्टर रणनवरे यांच्या मालिकेनं आमच्या वाचनालयाला वेड लावलं होतं. रणनवरे सरकारी दवाखान्यात प्रेतं तपासणारे डॉक्टर. मेलेल्याच्या नखातल्या मातीवरून, पोटातल्या भातावरून खुनी शोधून काढायचे. आणि प्रत्येक भागात ते अडले की त्यांची बायको, सुमतीबाई, चहा घेऊन यायची आणि काहीतरी घरगुती विचारायची. "अहो, माणूस उपाशी होता म्हणता, मग मिशीला ताक कसं?" झालं, डॉक्टर चहा तसाच टाकून धावत सुटायचे.

नवा भाग आला की आमच्याकडं एक शिरस्ता होता. वाचून झालेल्यानं तोंड उघडायचं नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसानं पुस्तक परत केलं की येणाऱ्या रविवारी सकाळी वाचनालयात सगळ्यांनी जमायचं आणि चहाबरोबर पुस्तकाचा पंचनामा करायचा.

'निळी नखं' हा नववा भाग. त्याचा पंचनामा गरमागरम झाला. कुलकर्णी काकूंना चिरफाडीची वर्णनं झेपली नव्हती. "जेवताना वाचवेना हो," त्या म्हणाल्या. जेवताना वाचायला कुणी सांगितलं होतं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. शेडगे कंपाउंडरला राग वेगळा. "त्या विषानं नखं निळी होतच नाहीत. मी दवाखान्यात आहे, मला सांगता?" एसटीतले कंडक्टर भोसले म्हणाले, "आवं, खुनी मला तिसऱ्या प्रकरणातच कळला. सारखं सुट्टे पैसे न्हाईत म्हनायचा. असला मानूस कायबी करंल."

हवालदारांनी माझा कप घेऊन स्वतःचा माझ्यापुढं ठेवला होता. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, "सुमतीबाई कुटं हाय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. खरंच, या भागात सुमतीबाई नव्हत्या. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"डाक्टर घरी येतुया तवा कुलूप सोता काडतुया. म्हंजे घरात कुनी न्हाई. स्टो सोता पेटवतुया. च्या एकाच कपात वततुया. आन् कोर्टात हुबा ऱ्हातुया तवा कोटाचं बटन न्हाई. हितं गोम हाय. बाई गेली कुटं, ह्ये लेखकानं दडवलंय. डाक्टरनंच काय केलं का तिचं?"

मोठा हशा झाला. शेडगे कंपाउंडरला तर ठसका लागला. तो थांबल्यावर डोळे पुसत त्यानं विचारलं, "हवालदार, सुमतीबाईंचं जाऊ द्या. तुमच्या मंडळी कुठं असतात?"

हा प्रश्न गल्लीत सगळ्यांच्याच मनात होता. हवालदार लग्न झालेले, पण बायको कधी कुणी बघितलेली नव्हती. विचारलं की उत्तर ठरलेलं, "म्हायेरला गेलीया." एवढी वर्षं? मी एकदा पुस्तक द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. फळीवर आरसा, फणी आणि कुंकवाचा करंडा. कशावरही धुळीचा कण नव्हता. डॉक्टर रणनवरेंचे आठ भाग वाचलेल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय यावं? तेच माझ्याही आलं. आणि आलं म्हणून मी दोन दिवस हवालदारांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

"म्हायेरला गेलीया," हवालदार म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठून गेले. मी तो कप बराच वेळ बघत बसलो. तो खरं तर माझाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते टेबलासमोर उभे. "त्यो लेखक सांगलीला विश्रामबागंत ऱ्हातुया म्हनं. कालेजात शिकिवतुया. त्येलाच इचारतो. तुमी चला."

"मी कशाला?"

"साक्षीदार पायजे."

संशयितापेक्षा साक्षीदार बरा, म्हणून मी रजा काढली. एसटीत हवालदारांनी मांडीवर एक पिशवी घट्ट धरली होती. वर ठेवू म्हटलं तर "ऱ्हाऊ द्या" म्हणाले. सांगलीपर्यंत माझं लक्ष रस्त्याकडं कमी आणि पिशवीकडं जास्त होतं. आत काय असेल याचा जो जो विचार आला, त्याची लाज वाटत होती आणि तरी तो येतच होता.

लेखक बनियनवर दारात आले. बुटके, गोरेपान, कपाळाला चष्मा. रक्तामांसात रमणारा हा माणूस कोथिंबीर निवडत होता. आम्ही साताऱ्याहून आलो म्हटल्यावर खूश झाले, आम्हाला बसवलं.

"सुमतीबाई कुटं हाय?" हवालदारांनी सुरुवातच तिथून केली.

"कोण सुमतीबाई?"

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, हे नोंदवून ठेवा अशा अर्थानं.

"डाक्टरची बायको."

"अरे हो!" लेखक हसले. "राहिलीच ती. प्रकाशकांनी पानं कमी करायला सांगितली, तेव्हा चहाबिहा काढून टाकला. खरं सांगू का, तिच्या वाटचा मजकूर गेला तरी गोष्टीत काही अडलं नाही."

"ऱ्हायली? म्हंजे मेली न्हाई?"

"छे हो." मग त्यांना काहीतरी सुचलं. हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली. "पण कल्पना उत्तम आहे. पुढच्या भागात डॉक्टर दवाखान्यात येतात, चादर बाजूला करतात, आणि खाली सुमतीबाई! स्वतःच्या बायकोचं प्रेत तपासायचं. वाचक हादरतील की नाही?"

"न्हाई," हवालदार म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण लेखक थांबले.

"सायेब, एक वळ लिवा. म्हायेरला गेलीया म्हनून. बास."

"अहो, पण नुसतं माहेरी गेली म्हटल्यावर वाचक विचारतील ना. पुरावा काय?"

"पुरावा नगं," हवालदार म्हणाले. "एक वळ लिवा फकस्त."

लेखकांनी बघू म्हणून आम्हाला चहा दिला. हवालदारांनी तो बघितलासुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं आता साताऱ्याची गाडी. पण ते म्हणाले, "कुपवाडला जाऊन येऊ. आलोच हाय तर." तिथं नव्या कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या, लेथचे आवाज येत होते. त्यांच्या पलीकडं जुन्या वस्तीत एक कौलारू घर. उंबऱ्यात म्हातारी बसली होती. हवालदार वाकून पाया पडले आणि पिशवीतून साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा काढून तिच्या मांडीवर ठेवला. पिशवीत तेवढंच होतं.

"आलासा व्हय जावईबापू," म्हातारी म्हणाली. "रोड झालासा."

"न्हाई आत्या. हाय तसाच हाय."

म्हातारीनं पुड्यातला एक पेढा मला दिला, एक हवालदारांना. त्यांनी तो वास न घेता तोंडात टाकला.

परतीच्या गाडीत बरंच अंतर गेल्यावर ते आपणहून बोलू लागले, खिडकीबाहेर बघत. "बाळंतपनाला म्हायेरला निगाली हुती. सातारच्या स्ट्यांडवर म्याच गाडीत बशिवली. खिडकीतनं म्हनली, आईला करमत न्हाई एकटीला, जरा ज्यास्त दिस ऱ्हाईन. माजी सुट्टी सपली, मी गेलो तिकडं बर्फात. तार आली ती लय उशिरा गावली. हितं आलो तवर समदं आटपून मानसं आपापल्या कामाला बी लागली हुती. दोगं बी न्हाईत म्हनली." मग म्हणाले, "असंल खरं. लोक कशाला खोटं सांगत्याल. पर म्या बगितलं न्हाई की, सेक्रेटरी. म्या बगितलं ती गाडीत बसल्याली."

माझा पेढा अजून हातातच होता आणि चिकट झाला होता.

हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नाही. शेडगेला तर नाहीच.

दहावा भाग आला तेव्हा मी तो रांग मोडून आधी हवालदारांना दिला. रांग मोडल्याबद्दल आठवडाभर मला अपराधी वाटत होतं. पंचनाम्याच्या रविवारी काकूंनी नेहमीप्रमाणं रक्ताची तक्रार केली, भोसल्यांनी खुनी दुसऱ्याच प्रकरणात पकडला होता. शेडगेनं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं, "'सुमती माहेरी गेली होती. डॉक्टरांनी स्वतःच चहा टाकला.' घ्या, हवालदार. लेखकानंही तुमचंच उत्तर दिलंय. पण नुसतं म्हणून भागतं का? पुरावा आहे का?"

सगळे हसले आणि हवालदारांच्या तोंडाकडं बघू लागले. मी चहाचे कप मांडत होतो. हवालदारांनी आपल्यापुढचा कप उचलला, कुणाशी न बदलता फुंकर घातली.

"असंल गेल्याली," ते म्हणाले. "तिची आई म्हातारी हाय. करमत न्हाई एकटीला. सावकाश येऊ दे."