हात उलटा कर

यमुना कासारीण बांगड्या दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला हात उलटा करायला लावते. मनगटाची आतली बाजू वर आली की ती डोळे बारीक करून पाहते, मग बाहेरची बाजू पाहते आणि मगच टोपलीवरचं फडकं काढते. एखादीनं मागितलेला रंग तिला पटला नाही तर ती विकत नाही. "या हातावर हा रंग मरते," म्हणते. सरपंचाच्या बायकोलाही तिनं असंच परत पाठवलं. ती बाई आदिलाबादहून तशाच बांगड्या घालून आली आणि मुद्दाम यमुनाच्या दारावरून फिरली. यमुना म्हणाली, "मेलाच ना."

जैनथ गावात आमच्या आणि तिच्या घराची भिंत एकच. त्यामुळे तिचं सगळं मला ऐकू येतं, आणि माझं तिला. तिचा नवरा नागपूरच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. एकदा गेला तो तिकडंच दुसरं घर करून राहिला. हे ती कापसाचा भाव सांगावा तसं सांगते. लेकरू नाही. हनुवटीवर केस येतात, ते ओट्यावर बसून दोऱ्यानं उपटते. समोर बस थांबली तरी तिचा दोरा थांबत नाही. खिडकीतली माणसं पाहतात, ती त्यांच्या खिडकीवरल्या हाताचा रंग पाहते.

तिचं म्हणणं असं, की प्रत्येकाला दोन रंग असतात. "आतला मायचा, बाहेरचा उन्हाचा. मायचा बदलत नाही, उन्हाचा भरोसा नाही." गव्हाळ हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नाही. "कोन्ता गहू? ओला का वाळला?" म्हणून भांडते. तिची नावं वेगळी. बँकेतला साहेब म्हणजे भिजली चणाडाळ. शाळेतली मास्तरीण म्हणजे नव्या गुळाची ढेप. माझा नवरा म्हणजे पाणी दिलेल्या काळ्या रानातलं ढेकूळ. हे ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती. त्याला ते आवडलं होतं.

मी मात्र तिला कधी हात उलटा करून दिला नाही. नवरा गेल्यावरही मी बांगड्या घालते, लोक बोलून थकले. रंग मी सांगते, माप मी सांगते, बांगड्या घेते आणि उठते. "अक्का, एक डाव पाहू द्या न," ती म्हणायची. "मढं झाल्यावर पाह्यजो," मी म्हणायची.

माझ्या नातीच्या, पल्लवीच्या बारशाला काळ्या बांगड्या तिनंच घातल्या. त्या एवढ्याशा मुठीला उलटं करून म्हणाली, "हे तं माह्याच रंगाची हाये." माझी सून मंगला तेव्हापासून तिच्यावर रागावलेली आहे, कारण यमुना काही गोरी नाही. पण यमुनानं ते सोडलं नाही. पोरगी शाळेतून आली की तिच्या हाताला हात लावून बघायची. कॉलेजला गेली, होस्टेलवरून सुटीत आली, तरी तेच. "अजून एकच हाये," असं सांगायची, जसं काही कोणी विचारलंच होतं.

मागच्या साली पल्लवीचं लग्न जमलं. पोरगा पैनगंगेच्या पलीकडचा. बोलणी झाली, पोहे झाले, आणि उठता उठता पोराची आत्या म्हणाली, "पोरगी चांगली हाये माय, पन मिशी आमच्या पोरापेक्षा भारी हाये." सगळे हसले. पोरगाही हसला, त्याची मिशी खरंच विरळ आहे. पल्लवी हसली नाही. तिच्या ओठावर आणि जबड्यावर केस आहेत, ते तिलाही ठाऊक आहेत. त्या दिवसापासून ती ओढणी तोंडावर धरून बोलायला लागली.

मंगलानं ठरवलं, लेझर करायचं. इचोड्याला एका पार्लरवाल्या बाईनं मशीन आणलं होतं. लग्नाआधी तोंड काचेसारखं करून देते म्हणाली. दरही कमी. मंगलानं हे अख्ख्या गल्लीला सांगितलं.

त्याच आठवड्यात यमुना इचोड्याला बांगड्या आणायला गेली आणि बांगड्यांऐवजी गड्याचा शर्ट घेऊन आली. पूर्ण बाह्यांचा, निळ्या पट्ट्यांचा. कापूस वेचताना बाया लुगड्यावर शर्ट घालतात, बोंडं ओरबाडतात म्हणून. पण वेचणी अजून लांब होती आणि यमुनाला शेत नाही. तरी ती तो शर्ट मनगटाची बटणं लावून घरीदारी घालायला लागली. गल्लीनं तिला कलेक्टरीण नाव ठेवलं. बांगड्या विकणारी बाई स्वतःचेच हात झाकून बसली तर धंदा कसा होणार, असं मी तिला म्हटलं. "थंडी वाजते," ती म्हणाली. दसऱ्याआधी आमच्याकडे कुत्र्यालाही थंडी वाजत नाही.

आणि त्यानंतर तिनं एकच धरलं. "पोरीले इचोड्याले नेऊ नका."

"काऊन?" मंगला म्हणाली.

"जळते."

"तुले कोनं सांगतलं?"

"मनगट सांगते."

"मनगटाले म्हण, बांगड्या वीक."

भिंतीपलीकडून रोज तेच. सकाळी चुलीजवळ, दुपारी भांडी घासताना. शेवटी मीच मंगलाला म्हटलं, जायचंच असलं तर आदिलाबादला चामडीच्या डॉक्टरणीकडे जा, म्हणजे हिचं तोंड तरी बंद होईल. मीही सोबत गेले.

डॉक्टरीण तेलुगू बाई, आमच्याशी हिंदीत बोलली. तिनं समजावलं ते मला समजलं, म्हणजे कोणालाही समजेल. मशीनचा उजेड काळ्या रंगाकडे धावतो. केसात काळं असतं, म्हणून केसाचं मूळ जळतं. पण कातडीतही काळं असलं तर उजेडाला कळत नाही, केस कोणता आणि कातडी कोणती. गोऱ्या बाईला चालतो तेवढा जोर सावळ्या बाईला लावला की फोड येतात. फोड जातात, डाग राहतात, कधी काळे, कधी पांढरे. सावळ्यांसाठी मशीन वेगळं लागतं, जोर कमी लागतो, आणि आधी लहानशी जागा करून काही दिवस वाट पाहावी लागते. तिनं पल्लवीच्या कानाखाली तेवढी जागा केली. म्हणाली, दिवाळीनंतर या आणि तोवर उन्हात जाऊ नका.

यमुनाला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "कानाखाली काई झालं?" काही झालं नव्हतं. "मंग ठीक," म्हणाली आणि दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही.

पण दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला आणि वेचायला मजूर मिळेनात. आमच्यात पहिल्या वेचणीला शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात त्याला. घरची लेक माहेरी असली तर पहिली बोंडं तिच्या हातानं वेचतात. लग्न होऊन जाणाऱ्या लेकीला तर सोडतच नाहीत. पल्लवी पूजेला गेली ती वेचणी संपेपर्यंत शेतातच राहिली. घरी आली तेव्हा तिचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं होतं.

मंगला घाबरली. लग्न तोंडावर आलेलं, डॉक्टरणीची तारीख ठरलेली. तिनं पोरीच्या तोंडाला पावडर थापली आणि बजावलं, "उन्हात गेलती म्हणू नको." बसस्टँडवर पोहोचलो तर यमुना शर्ट घालून आधीच बसलेली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "मले आदिलाबादले काम हाये," म्हणाली. काम काय, ते विचारलं तर "काम" म्हणाली.

डॉक्टरणीनं पल्लवीला बाकावर निजवलं, डोळ्यांवर काळा चष्मा लावला. आणि विचारलं, "धूप में काम किया क्या?"

मंगला म्हणाली, "नहीं मॅडम. घर में ही थी."

यमुना दारात उभी होती. चप्पल न काढता आत आली, पल्लवीची बाही वर सारली आणि हात डॉक्टरणीसमोर धरला. "हे पाहा," म्हणत हात उलटा केला, "आन हे पाहा." आतून पोरगी गुळाच्या पाकासारखी आणि बाहेरून जळक्या खापरासारखी. "मॅडम, हे पोरगी झूट नहीं बोलती. उसकी माय बोलती."

मंगला ओरडली, "तुहा काय संबंध गं?"

डॉक्टरणीनं मशीन बंद केलं. रागावली नाही. म्हणाली, हा ऊन लागलेला रंग उतरू द्या, मग करू. आज केलं तर तोंडावर डाग पडतील. किती दिवस, मंगलानं विचारलं. तिनं सांगितलं ते लग्नाच्या पलीकडे जात होतं.

येताना बसमध्ये मंगला खिडकीकडे तोंड करून बसली. पल्लवी यमुनाजवळ बसली. यमुना तिला म्हणाली, "दोऱ्यानं काढून देतो मी. दुखन थोडं. पन डाग नाई पडनार." पल्लवी हसली. ओढणी तोंडावर धरायची विसरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी यमुना चुडा भरायला आली. मंगलानं तिला या म्हटलं नाही, पण पाट टाकला. हिरव्या बांगड्यांत कोणता हिरवा, यावर अर्धा तास गेला. पल्लवीचा पंजा जरा मोठा, बांगडी चढेना. यमुनानं साबणाचं पाणी लावलं, पंजा दाबला, जोर केला, आणि तिच्या शर्टाच्या बाहीचं बटण तुटून खाली पडलं. बाही कोपरापर्यंत गेली.

हाताच्या बाहेरच्या बाजूला एकाला एक लागून गोल डाग होते, शिक्के मारल्यासारखे. मधे पांढरे, कडेला काळे. उन्हातान्हात टोपली घेऊन फिरणारा हात तो. उलटी बाजू दिसली, तिथं एकच डाग होता, फिकट.

"हे काय?" मी म्हटलं.

"बांगडी फुटलती."

"कोपराजवळ कोन्ती बांगडी घालते तू?"

ती बांगडी चढवत राहिली. ती चढल्यावर हळूच म्हणाली, "तिचा न् माहा रंग एक हाये, अक्का. इचोड्याले कोनंतरी आंधी जाऊन पाहाचं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मंगला म्हनली असती, म्हातारीले या वयात गोमटं व्हाची हौस आली."

म्हणालीच असती. मंगला तेव्हा बाहेर मांडवात होती, तिनं ऐकलं नाही. पल्लवीनं ऐकलं. बांगड्या भरलेला हात तिनं यमुनाच्या उघड्या हाताला लावून धरला, यमुना लावायची तसा. यमुनानं बटण उचललं, पदराला बांधलं आणि म्हणाली, "चला, पुढची कोन?"

घरातल्या साऱ्या बाया झाल्या. शेवटी मी राहिले. यमुनानं टोपलीतून माझ्या बांगड्या काढल्या, नेहमीच्या, मी मागते त्याच. मी हात पुढे केला आणि उलटा केला.

तिनं बराच वेळ पाहिला. मग काढलेल्या बांगड्या टोपलीत परत ठेवल्या आणि दुसऱ्या शोधायला लागली.