भिंतीची फुली

प्रिय मीरा आणि अन्वय,

नव्या घरात स्पीकरसाठी भिंतीत बसवायच्या सॉकेटचे फोटो तुम्ही पाठवलेत आणि पितळी बरं दिसेल की काळं, असं विचारलंत. उत्तर शेवटी देते. आधी माझ्या धाकट्या काकांबद्दल, नानाकाकांबद्दल सांगायला हवं, कारण या प्रश्नाचा एवढा काथ्याकूट आपल्या घरात त्यांच्याशिवाय कोणी केलेला नाही.

पन्नासच्या दशकात रिसोडला आमच्या आळीत वीज नव्हती, तरी आमच्या भिंतींत सॉकेट होती. बैठकीतला रेडिओ मोटारीच्या बॅटरीवर चाले. त्याच्या पाठीतून तारा काढून नानाकाकांनी त्या खोल्याखोल्यांत नेल्या होत्या. स्पीकर मात्र एकच. ती लाकडी पेटी काखेत मारून ते घरभर हिंडत आणि मनात येईल तिथे जोडत.

सॉकेटला ते फुली म्हणत. नाकातली असते ती. “नाक कसंबी असो, फुली शोभली पाह्यजे.” नमुने त्यांनी अकोल्याहून रुमालात बांधून आणले. एकेक भिंतीवर धरायला मला लावायचे आणि स्वतः दूर जाऊन, एक डोळा मिटून बघायचे. काळी त्यांना चामखिळीसारखी वाटली. पितळी “लय मिरवते” म्हणून नापास झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते मत विचारत. दूध घालणारा यशवंता शेवटी वैतागून म्हणाला, “मालक, दूध नासून राह्यलं, अन् तुमी फुलीच पाहून राह्यले.” निळ्या काठाची, पांढऱ्या चिनी मातीची ठरली. दसऱ्याला औतांबरोबर प्रत्येक फुलीलाही झेंडू मिळे.

घरात सोनाआत्या होती, काकांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली. पूर्वी जात्यावरचा तिचा गळा ऐकायला शेजारणी येत, असं आई सांगे. आपल्याकडे बायका बैठकीत जात नसत. रेडिओ आला तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकायची. एकदा माझ्या बाबांनी पाहुण्यांदेखत विचारलं, “दाराआड कोन हाय?” ती आत गेली, ती पुन्हा त्या दाराशी आली नाही.

काकांना फुल्यांचं वेड लागलं ते त्यानंतर.

बाबांनी सगळ्या खोल्यांना मान डोलावली, घराची शान वाढत होती ना. अडले ते स्वयंपाकघराशी. “सैपाकात गानं कायले पाह्यजे?”

“गान्याचं कोन बोलते, दादा?” काका म्हणाले. “मी तं फुलीचं बोलून राह्यलो. साऱ्या भिंती सजवल्या अन् एकच उघडी ठेवली, तं पाव्हने हासतीन.”

बाबा जगात फक्त पाहुण्यांच्या हसण्याला भीत. फुली बसली, पण चुलीशेजारी, अगदी खाली. गवंड्याचा अंदाज चुकला, असं काकांनी सर्वांना सांगितलं.

मग रोज संध्याकाळी पेटी स्वयंपाकघरात. बाबांनी विचारलं की ठरलेलं उत्तर, “तपासून राह्यलो, दादा. ही फुली जरा ढिल्ली हाय.” ती ढिल्लीच राहिली.

एकदा मी तिथेच अभ्यास करत बसले होते. गाणं लागलं, तशी भाकरी थापणारी आत्या मंद झाली. थोड्या वेळाने ती हलकेच गुणगुणू लागली. काका अंगणात आमच्याकडे पाठ करून बैलाचा कासरा वळत होते. त्यांचे हात थांबले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तेवढ्यात बाबांच्या वहाणा वाजल्या. आत्याने बसल्या जागेवरून हात लांबवून फुलीतून पेटीची पिन उपसली आणि भाकरी उलटली. गवंडी चुकला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

पुढे पुढे बाबा फाटकापासूनच वहाणा जरा जास्त वाजवत येऊ लागले.

तेव्हा पितळी की काळं, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्या खोलीत कोण कुठे बसतं, एवढं आधी बघा आणि मग उंची ठरवा.

रेडिओ गेला, पेटीही गेली. चुलीच्या जागी आता ओटा आहे. त्याच्याखाली ती फुली भिंतीत आहे, धुराने पिवळी पडलेली. निळा काठ शाबूत आहे.