एकोणसाठ हजर

क्रूझ पर्यटनाला चालना द्यायची असं सरकारने ठरवलं आणि पहिल्या सफरीसाठी साठ प्रवासी जमवण्याचं काम पर्यटन खात्यातल्या एका कारकुनाच्या गळ्यात पडलं. जाहिराती झाल्या, फलक लागले, पण नावं आली नऊ. "यादी पुरी नसेल तर नोकरी विसरा," साहेबांनी बजावलं. तेव्हा त्याने स्वतःचं आणि बायकोचं नाव घातलं, मग आपल्या लग्नातल्या पाहुण्यांची जुनी यादी काढून तिच्या माहेरची, तक्रार करायला येणार नाहीत अशी माणसं उतरवून घेतली. (म्हणजे वारलेली. माहेर मोठं होतं.)

सफरीला साहेब स्वतः आले. बोट धक्क्यापासून लांब गेल्यावर म्हणाले, "लाइफ जॅकेटचा सराव आहे. हजेरी घेऊ."

कारकुनाच्या पायाखालची वाळू सरकली. डेकवर एकोणपन्नास खुर्च्या रिकाम्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक केशरी जॅकेट होतं.

साहेबांनी मावससासूबाईंचं नाव वाचलं.

"हजर," रिकाम्या खुर्चीतून आवाज आला. जॅकेट फुगलं आणि त्याचा पट्टा आपोआप खटकन बसला. नऊ प्रवासी एकमेकांना चिकटून उभे राहिले. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. (ते बढत्या मिळवत गेले ते याच सवयीमुळे.)

पुढचं नाव चुलतसासऱ्यांचं होतं. "हजर. पण इथे वारा फार लागतोय." वारा मुळीच नव्हता.

बायकोने कारकुनाचा दंड धरला. "अहो, हा काकांचा आवाज."

"माहीत आहे."

"काका जाऊन सहा वर्षं झाली."

"तेही माहीत आहे."

"मग त्यांना बोलावलं कुणी?"

"सरकारने," तो म्हणाला.

सासऱ्यांचा "हजर" आला तेव्हा तिचे डोळे भरून आले. ती त्या खुर्चीजवळ जाऊन बसली. कारकून भीतीने अर्धा झाला होता, तरी त्याला हायसं वाटलं. यादी जुळत होती, नोकरी वाचत होती. आता एकच नाव उरलं होतं, त्याचं. साहेबांनी ते दोनदा पुकारलं, पण त्याच्या तोंडातून शब्द फुटेना.

शेवटी सासरेच बोलले. "त्याचं काय घेऊन बसलात साहेब? तो असून नसल्यासारखाच."

साहेबांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं.

सोमवारी कारकुनाच्या टेबलावर मेमो होता: एकोणसाठ प्रवासी उत्साहाने उपस्थित असताना आपण एकटेच का आला नाहीत, याचा लेखी खुलासा करावा.