आण्णा ओळख काढतात

आण्णांना क्रेडिट कार्ड विकायला फोन करणारी एक मुलगी यंदा दिवाळीत आमच्या घरी फराळाला येऊन गेली. कार्ड आण्णांनी घेतलं नाहीच. पण ती शेवगावकडची, आणि तिच्या मामाची सोयरीक आमच्या खर्ड्यातल्याच एका घरात, एवढं त्यांनी त्या एका फोनमध्ये काढून घेतलं. "आपलंच मानूस निघालं!" असं त्यांनी मला ओरडून सांगितलं. मी तेव्हा समोरच बसले होते.

आण्णा म्हणजे माझे सासरे. उभी हयात पिठाची गिरणी चालवली. गिरणी बंद झाली, पण पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय तशीच राहिली. ते कानात सांगतात ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातं.

माझं माहेर नगरचं. आमच्याकडे दारावरची बेल वाजली की आधी सगळे गप्प बसतात. आण्णांकडे दारावरून अनोळखी माणूस गेला तरी त्याला हाक जाते. आधी गाव, मग आडनाव, मग मामाचं गाव. एवढ्यात नातं सापडलं नाही असा माणूस त्यांच्या मते अजून जन्माला यायचाय. टॉवर दुरुस्त करायला बिहारचा एक मुलगा आला होता. त्याला आण्णा वर बघून विचारत होते, "ओ भाऊ, तुम्हारे मामा का गाव कौनसा हाय?" तो खाली उतरेपर्यंत त्याचा चुलतभाऊ आपल्या तालुक्यात ऊसतोडणीच्या मशीनवर येऊन गेल्याचं निघालं. झालं! त्याला पिठलं-भाकरी वाढायला मला स्वयंपाकघरात धाडलं.

एवढ्यावरच भागलं असतं तर बरं. पण ओळख निघाली की आण्णा तिथल्या तिथे मधल्या माणसाला फोन लावतात आणि मोबाईल समोरच्याच्या हातात देतात. "बोला, बोला. लाजू नका." मग एकमेकांना कधीही न पाहिलेली दोन माणसं बिचारी नुसती "हॅलो, हॅलो" करत बसतात. डोळ्यांच्या डॉक्टरांनी "वरची ओळ वाचा" म्हटलं, तेव्हा "वाचतो की. पन सायेब, तुमचं मूळ गाव कुठलं?" असं विचारून त्यांनी बाहेरची रांग तुंबवली होती. मी खाली बघत होते. लाजेपायी नगरच्या निम्म्या दवाखान्यांच्या फरश्या माझ्या पाठ झाल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आम्ही एसटीने नगरला निघालो होतो. जामखेडला एक तरुण मुलगी चढली. तोंडाला स्कार्फ, हातात फुगलेली बॅग. ती आमच्याच बाकावर, खिडकीशी बसली. मी मनात देवाचा धावा सुरू केला.

"गाव कुठलं म्हनायचं, ताई?"

तिने खिडकीबाहेर बघतच कड्याजवळच्या एका गावाचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

तेही तिने सांगितलं, अगदी हळू. आण्णांचा चेहरा उजळला. "म्हंजी दूधडेअरीवाल्या दत्तोबाची तू कोन?"

"मुलगी."

"आरं तिच्या! दत्तोबा खर्ड्याच्या डेअरीवर होता तवा आमच्या गिरणीवर यायचा की. आपलंच मानूस!" ती "नको काका, नको" म्हणत होती. आण्णांना तो लाजाळूपणा वाटला. फोन लागलासुद्धा. "दत्तोबा! वळखा पाहू! तुमची लेक हाय माझ्याशेजारी. एसटीत. येती बगा तासाभरात कड्याला!"

 पलीकडून फक्त एवढंच आलं, "कोणती गाडी?"

आण्णांनी गाडी सांगितली, खुशीत मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही. स्कार्फ खाली ओढून ती आमच्याकडे बघत राहिली. ओठाजवळ निळा डाग होता.

"मी घरी नव्हते चालले, काका," ती म्हणाली. "नगरला चालले होते. मैत्रिणीकडं. तिथल्या दवाखान्यात नर्सचं काम मिळालंय. याच्या आधी दोनदा माहेरी गेले. दोन्ही वेळा वडलांनी त्याच दिवशी सासरी परत नेऊन घातलं. आता ते स्टँडवर येतील."

आख्ख्या गाडीने फोन ऐकला होता, आता हेही ऐकलं. पुढचे लोक मागे वळून बघत होते. मला नेहमीसारखी फरशीकडे मान घालावीशी वाटली, पण आण्णांकडे बघितल्यावर ते जमेना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. इतकी वर्षं मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. आष्टी आली, गेली.  त्या गाडीत आण्णा गप्प आहेत हे ऐकवत नव्हतं.

कडा जवळ आलं तसे ते उठले. "सुरेखा, तू पोरीसंगं नगरला जा. तिच्या मैत्रिनीच्या दारापत्तर सोड."

"आणि तुमची तपासणी?"

"डोळं कुटं पळून चाललंत?" मग मुलीकडे न बघता म्हणाले, "चुकलं, पोरी."

स्टँडवर दत्तोबा मोटारसायकल लावून उभेच होते. गाडी थांबताच ते दाराकडे धावले. आण्णा पायरीवर आडवे उभे होते. काहीतरी बोलले, पण इतकं हळू की मला खिडकीतून एक अक्षर ऐकू आलं नाही. मग खाली उतरून त्यांनी दत्तोबांचा हात दोन्ही हातांत धरला. दत्तोबांनी हिसका दिला. आण्णांनी सोडला नाही. कंडक्टरने सगळं ऐकलेलंच होतं. त्याने दार ओढलं आणि डबल बेल मारली.

त्या मुलीचं नाव वर्षा, हे मला कडा सुटल्यावर कळलं. तेसुद्धा तिने आपणहून सांगितलं. नगरला मैत्रिणीच्या दारात तिला सोडून मी परत फिरले.

खर्ड्याला पोचले तेव्हा आण्णा आधीच येऊन ओट्यावर बसले होते. "काय सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"मी काय सांगनार! त्योच बोलला. लोक काय म्हनतील, धाकटीचं कसं जुळंल... लई बोलला. मग रडला." आण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली. "मग मी त्याला शांताचं सांगितलं."

शांता म्हणजे आण्णांची धाकटी बहीण, बालाघाटाच्या डोंगराकडेच्या एका वाडीत दिलेली. त्यांचं येणं-जाणं का नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती अशीच माहेरी पळून आली होती. बापाने सांगितलं म्हणून आण्णाच तिला सायकलवर डबलसीट घालून परत सोडून आले. वाटेत ती काही बोलली नाही, आणि आण्णांनीही तिला काही विचारलं नाही. त्या दिवसापासून ती माहेरी आली नाही.

"परक्याला गाव इचारायला काय लागतं?" आण्णा म्हणाले. "तिला इचारलं आसतं तर तिनं सांगितलं आसतं. मंग मला परत फिरावं लागलं आसतं."

दत्तोबा महिनाभराने नगरला जाऊन वर्षाला भेटले. तिची कागदपत्रं आणि कपड्यांची ट्रंक देऊन आले. आत आले नाहीत, दारातूनच परतले, असं तिने मला फोनवर सांगितलं. "पण आले," ती म्हणाली.

ते कळलं त्या आठवड्यात आण्णा मला घेऊन वाडीला गेले. शांताआत्या अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. आता घरात त्या आणि सून दोघीच. भाऊ फाटकात उभा आहे हे त्यांना दिसलं. शेंगा फोडणारा हात थांबला, पण त्या उठल्या नाहीत.

आण्णा जाऊन बाजेशेजारी जमिनीवरच बसले. बराच वेळ ते मातीतली टरफलं गोळा करत राहिले.

"कशी हायस?" त्यांनी विचारलं. एवढ्या जवळून मला जेमतेम ऐकू आलं.

"आता इचारतुयास व्हय?"

आण्णांनी मान हलवली. वर काही बघितलं नाही.

"वर बस," आत्या म्हणाल्या.

"हितंच बराय मी."

आत्यांनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग शेंगांची सुपली बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात टेकला आणि कण्हत कण्हत त्याच खाली उतरून त्यांच्या शेजारी बसल्या.